उताणा तळहात

…वरचा उजवा सुळा अजून केसभर पुढेच आहे. त्याने तो मेणातून पुन्हा उपटला, स्पिरिटच्या दिव्यावर पातं तापवलं, मेण मऊ केलं, सुळा बसवला, अंगठ्याने दाबला – आणि कवळी उजेडाकडे धरली तर सुळा आपला पुढेच. दुसऱ्या कुणाची कवळी असती तर त्याने ती कधीच बाजूला ठेवून दिली असती. केसभराने कुणाचं काही अडत नाही, म्हाताऱ्या माणसाला चार घास चावता आले म्हणजे मिळवलं. पण आज सकाळपासून तो या एका दाताभोवती घोटाळत होता.

"अहो, त्या सुळ्याला आता पालवी फुटेल," पॉलिशच्या चाकावरून ताई म्हणाली. कवळ्यांचा कारखाना लहान, माणसं दोनच, त्यामुळे ताई त्याला अहो-जाहो करून वाटेल ते बोलायची. "कोण एवढा लागून गेलाय? राजाबिजा आहे की काय?"

"निवेदक होता. रिंगमधल्या कुस्त्यांचा."

"म्हणजे भोंगा?" तिने चाकच थांबवलं. "शनिवारचा भोंगा? अगं बाई, आहे अजून?"

आहे. चार वाजता येणार आहे. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं – कवळी मेणात आहे तोवर तुमच्याकडेच घालून बघा, त्यांना कुठल्याशा सत्कारात बोलायचंय. म्हणतात, जेवता नाही आलं तरी चालेल, बोलता आलं पाहिजे. बोलता आलं पाहिजे! फोन ठेवल्यावर तो बराच वेळ हात धूत राहिला होता, प्लास्टर कधीच निघून गेलं होतं तरी.

शनिवारी दुपारी टीव्हीवर कुस्त्या लागल्या की गल्ली ओस पडायची. घराघरांतून एकच आवाज – खर्जातून निघणारा, हळूहळू चढत जाणारा, आणि ऐन मोक्याला फुटणारा – तो आवाज ऐकला की त्याच्या अंगावर काटा यायचा, तेव्हा तो नऊ-दहा वर्षांचा असेल. त्याला कुस्ती नको होती, त्याला भोंगा हवा होता. आंघोळ करताना तो भोंगा व्हायचा, बादली उचलताना, जिना चढताना, बहिणीने वेणी घातली तरी तिचं निवेदन करायचा. आणि भोंगा ज्याला दर शनिवारी लबाड म्हणायचा, भित्रा म्हणायचा, ज्याच्या नावाने साऱ्या हॉलला ओरडायला लावायचा, तो बुरखा घातलेला 'कोल्हा' म्हणजे त्याचे बाबा होते. हे घराबाहेर बोलायचं नाही, असा दंडक होता. शाळेतली पोरं कोल्ह्याला शिव्या घालायची, तेव्हा तोही घालायचा, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे. बाबा पडायचे, भोंगा बोलायचा, घर चालायचं.

"बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं," बाबा पाठीला मलम चोळून घेताना म्हणायचे. "मी काय करतो? रिंगच्या फळ्यांवर पडतो. भोंगा नसेल तर मी फळ्यांवर पडलेला एक माणूस. त्याला काका म्हणत जा."

कोल्ह्याची एक खोड होती. तो मेल्यासारखा पडायचा. पंच बोटं नाचवत मोजायचा, त्याच्यावर आवाज चढवून भोंगा मोजायचा, भोंग्याबरोबर सगळा हॉल – आणि नऊ म्हणताच कोल्हा टुणकन उठून समोरच्याच्या नरडीला झोंबायचा. लोकांना ते पाठ होतं. पण बाबांनी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली होती, कुणाला सांगू नकोस म्हणून: खरंच लागलं, तर पैलवान तळहात उताणा ठेवतो. बस्स, एवढीच खूण. पंचाला कळते, रिंगला खेटून बसलेल्या निवेदकाला कळते, आणि खेळ थांबतो.

त्या शनिवारी बाबा दोरावरून मानेवर पडले. आई नेहमीसारखी टीव्हीकडे पाठ करून बटणं शिवत होती. "फसू नका!" भोंगा गरजला. "कोल्हा आहे तो! सोंग आहे! मोजा!" एक, दोन… सहा… सात – आणि तेवढ्यात बाबांचा हात घसरला, तळहात वर झाला, कॅमेऱ्यात दिसला, आणि भोंगा थांबला. क्षणभरच. एक आवंढा. मग – आठ. नऊ. दहा. तरी कोल्हा उठेना, तेव्हा लोकांना जास्तच मजा आली, ते हसत हसत पुढे मोजत गेले, अकरा, बारा… पंच कमरेवर हात ठेवून हसत होता, तो दुसऱ्या बाजूला होता, त्याला हात दिसला नसेल. पण भोंग्याला दिसला. मी ऐकला ना तो थांबा! त्या आवाजाचा श्वासन् श्वास मला पाठ होता, सातनंतर तो कधीच थांबत नसे… त्याने पाहिलं, ओळखलं, आणि पुढे आठ म्हटलं.

बाबा पुढे काही महिने बाहेरच्या खोलीत खाटेवर होते, मानेखाली सगळं गेलेलं. दुसऱ्याच शनिवारी भोंग्याने जाहीर केलं, "कोल्हा पळाला हो! शेपूट घालून पळाला!" त्यावर बाबा हसले होते, नुसत्या चेहऱ्याने. "ऐकलंस? मी पळालो म्हणे." त्या हसण्यात राग नव्हता, हेच त्याला आजवर गिळता आलेलं नाही. आईने निरोपांवर निरोप पाठवले, दातांच्या कण्या केल्या, एकदा येऊन भेटून जा म्हणून. भोंगा आला नाही. बाबा गेले तेव्हाही नाही. "माणसाच्या जिभेला हाड नसतं," आई म्हणाली, आणि मग कधीच काही म्हणाली नाही.

चार वाजता दारात एक लहानखुरा म्हातारा काठी टेकत उभा राहिला. एवढासा! टीव्हीत टेबलामागे बसलेला तो धिप्पाड माणूस… की धिप्पाड फक्त आवाजच होता?

"बशू का शाहेब?" म्हाताऱ्याचे गाल आत गेले होते.

"बसा ना, काका." काका हा शब्द आपसूक निघाला, आणि त्याला स्वतःचीच चीड आली.

त्याने कवळी गार पाण्यातून काढली आणि म्हाताऱ्याच्या तोंडात बसवली. हिरड्या लहान मुलासारख्या गुलाबी. इतक्या जवळून… त्याची बोटं त्या तोंडात होती, त्या जिभेला लागत होती, ती कोमट होती, साधी होती. म्हाताऱ्याने ओठ मिटले आणि चेहरा भरून आला.

"आता आकडे म्हणा. आम्ही सगळ्यांना आकडेच म्हणायला लावतो, जीभ कुठे अडखळते ते कळतं."

"आकडे?" म्हातारा खुलला. "अहो, आकड्यांवरच तर जन्म गेला आमचा!" काठी बाजूला ठेवून तो ताठ बसला आणि खर्जातून निघाला. एक. दोन. ताईचं चाक थांबलं. तोच आवाज, कुठे गेला नव्हता, एवढी वर्षं त्या लहानशा छातीत नुसता बसून होता – आणि याच्या अंगावर, नको नको म्हणत असताना, काटा आला. पाच. सहा. सात –

तोच थांबा.

कवळीची टाळूवरची पट्टी सुटली होती. म्हाताऱ्याने जिभेने ती वर ढकलली, आवंढा गिळला, आणि पुढे म्हणाला, आठ.

"सुटते का हो अशी?" त्याने विचारलं. त्याला आपला आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"ही आताची मेणाची, हिला काय बोलायचं! माझी पहिलीसुद्धा सुटायची. पंचविशीत एका पैलवानाचं कोपर लागलं, पुढचे दात गेले. तेव्हापासून तोंडात पट्टी. कधी सुटेल नेम नसायचा. सुटली की ढकलायची वर आणि पुढे चालू. लोकांना वाटायचं, भोंगा रंगात येऊन थांबला." म्हातारा हसला. "कुणाला पत्ता लागला नाही बघा कधी."

म्हणजे… पट्टी? सातनंतरचा तो आवंढा म्हणजे नुसती एक सुटलेली पट्टी? हात दिसलाच नव्हता? की पट्टीही सुटली आणि हातही दिसला? त्याला एकाएकी फार एकटं वाटलं. या माणसाचा द्वेष त्याने एवढी वर्षं घरातल्या माणसासारखा सांभाळला होता, त्याच्याशी बोलला होता, त्याच्या शेजारी झोपला होता. तो गेला तर मागे काय उरणार? फळ्या, आणि त्यांच्यावर पडलेला एक माणूस. विचार ना. "कोल्हा आठवतो का, काका?" – एवढंच तर विचारायचंय. शब्द दातांपर्यंत आले.

"पुन्हा मोजा," तो म्हणाला. "मी थांबा म्हणेपर्यंत. दमल्यावर पट्टी कशी धरते ते बघायचंय." आणि हे काही खोटं नव्हतं, तो खरोखरच तसं बघत असे.

म्हातारा मोजू लागला. सात आलं आणि गेलं, पट्टी सुटली नाही. दहा. दहावर त्याने सवयीने याच्याकडे पाहिलं. हा गप्प. "अकरा," म्हातारा जरा खाली उतरून म्हणाला. बारा. तेरा. आता त्यात खर्ज नव्हता, मध्येच श्वास लागत होता, कपाळावर घाम आला होता, आणि सांगितलंय म्हणून तो शहाण्या मुलासारखा मोजत होता. सोळा. डोळे याच्या तोंडावर. याने ओळख दिली नव्हती, तरी त्या डोळ्यांत काहीतरी हललं – भीती? की ओळखच?

"अहो…" मागून ताई हळूच म्हणाली.

सतरा. खुर्चीच्या हातावरचा म्हाताऱ्याचा हात सावकाश वळला. तळहात वर झाला.

थकून वळला असेल. थकलेला हात वळतो. किंवा… त्याने तो तळहात पाहिला. गोरा, सुरकुतलेला, मधोमध ओली रेघ. आजूबाजूचं सगळं पुसट झालं आणि तेवढाच राहिला. एक शब्द म्हणायचा होता, दोन अक्षरांचा, जिभेच्या टोकावर होता, कुणीही म्हणू शकेल असा. दातांचा धंदा करणाऱ्या माणसाची दातखिळी बसली होती. मला दिसतोय, तो मनात म्हणत होता, मला स्पष्ट दिसतोय, आता म्हणतो, या आकड्यानंतर म्हणतो, हा एवढा होऊ दे… आणि त्याला कळलं की हे असंच असतं. यात दुष्टपणा लागत नाही, काहीच लागत नाही. आकडा चालू असतो आणि माणूस पुढच्या आकड्याची वाट बघतो.

"अठरा," म्हातारा म्हणाला.

तो ऐकत राहिला.