शेवटची सोळा पानं

दिवसभर लोकांच्या कुलपांना किल्ल्या करून देणारा माणूस जगात विश्वास ठेवणार तरी कोणावर? किल्लीवाल्याला सिनेमाची पटकथा लिहायला तीन वर्षं लागली. लपवायला त्याहून जास्त कष्ट पडले. आज दुपारी चारला एका निर्मात्याने ती ऐकायला बोलावलं होतं. त्याआधी नोंदणी हवीच, नाहीतर उद्या पडद्यावर नाव भलत्याचंच.

नोंदणी कचेरीतल्या बाईंनी खिडकीतून गठ्ठा ओढून घेतला आणि बोट ओलं करून पानं मोजली.

"पानोपानी सही, छान. पण अर्जात पानं एकशे चार, इथे अठ्ठ्याऐंशी. बाकीची सोळा?"

तो खिडकीशी वाकून कुजबुजला, "शेवट घरी आहे. कपाटात. म्हटलं, इथं कोणी वाचला तर?"

"अहो, जमा कराल तेवढंच तुमच्या नावावर! दाराला कुलूप लावलंत आणि दागिने ओट्यावर ठेवलेत. आणा लवकर, खिडकी एकला बंद होते."

बारा वाजून गेले होते. त्याने घरी फोन लावला. "ताई, कपाटातली पानं घेऊन ये. किल्ली माझ्या खिशात आहे, कुलूप हातोडीनं..."

"बघते माझं मी," म्हणून ताईने फोन ठेवला.

एकला दहा कमी असताना ती धापा टाकत आली.

"तोडलंस?"

"केसाच्या पिनेनं उघडलं. वर्षभर तसंच उघडतेय. शेवट चारदा वाचलाय तुझा."

त्याचं तोंड एवढंसं झालं. पण रुसायलाही वेळ नव्हता. भराभर सोळा सह्या ठोकून त्याने पानं आत सरकवली. बाई मोजू लागल्या आणि दहाव्या पानावर थबकल्या. मग फिस्सकन हसल्या.

"बाई, आमचाही नंबर आहे!" रांगेतून एक आजोबा ओरडले.

"थांबा हो, नवरदेव पाण्याच्या टाकीत अडकलाय!"

"आधी शिक्का, बाई!" किल्लीवाला काकुळतीला आला.

धाडकन शिक्का बसला. क्रमांकाचा कागद हातात आल्यावर त्याने घाबरत विचारलं, "खरंच हसू आलं?"

"पोट दुखलं माझं."

"पण तो टाकीतून निघाला का?" आजोबांनी मान पुढे काढली.

तीन वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलेला माणूस रांगेकडे वळला आणि बाह्या सावरत म्हणाला, "ऐका तर मग!"

"अरे," ताईने त्याचा सदरा ओढला, "चार वाजेपर्यंत घसा तरी शिल्लक ठेव!"