तळाची चकाकी

मित्रांनो, मी शिडाची एक जुनी होडी आहे. एका माणसाला बसता येईल एवढीच. सध्या खाडीकाठच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन लाकडी घोड्यांवर पालथी पडलेली असते. पालथी असले की माझा तळ वर येतो. तो तळ मळकट राखाडी आहे, त्याला जराही चकाकी नाही. नवीन येणारा हटकून विचारतो, "हिला रंग द्यायचा राहिला का?" मला त्याचा राग येत नाही. उलट मागच्या गोष्टी आठवतात आणि मन भरून येतं.

मला एका सुतारकाकांनी घडवलं. हात सोन्याचा आणि जीभ करवतीची असा तो माणूस. त्यांच्या मित्राच्या मुलीला शर्यतीसाठी होडी हवी होती. ती शिवणयंत्रं दुरुस्त करायची. एका जागी बसायची नाही, म्हणून घरचे तिला भिंगरी म्हणत. तिचे वडील रंगारी होते. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची हयात गेली होती. रस्त्याच्या पलीकडून दिसलं पाहिजे, लखलखलं पाहिजे, हा त्यांचा धर्मच.

मला रंग द्यायची वेळ आली तेव्हा बाबांची नजर अधू होऊ लागली होती. तरी ते कुणाला ब्रश लावू देईनात. माझ्या तळाला आणि बाजूंना त्यांनी लालभडक रंगाचे पाच हात दिले. काय चकाकी होती! काठावर लोक मला बघायला थांबत. एकाने तर माझ्या तळात पाहून भांग पाडला. मी फुलून गेले होते. त्यानंतर मात्र बाबांनी ब्रश कायमचे धुऊन ठेवले, कारण आता त्यांना रेषा दिसत नव्हती. मी त्यांचं शेवटचं काम ठरले.

पहिल्या शर्यतीत आम्ही शेवटच्या आलो. दुसऱ्या वर्षी शेवटून दुसऱ्या, तेही एक होडी उलटली म्हणून. भिंगरी स्वतःलाच दोष देत राहिली. वारा ओळखता येत नाही, सुकाणू जड धरते, असं म्हणायची.

एके दिवशी सुतारकाकांनी एक लवचीक पट्टी आणली आणि माझ्या तळावर वाकवून धरली. पट्टीखाली ठिकठिकाणी फट दिसत होती. बाबांना कमी दिसत असल्यामुळे रंग कुठे जाड बसला होता, कुठे ओघळला होता.

"चकचकीत आहे, पण एकसारखी नाही," काका म्हणाले. "पाण्याला डोळे नसतात, पोरी. त्याला चकाकी दिसत नाही, उंचसखल तेवढं लागतं. हे सगळं घासून काढावं लागेल."

"नको, काका. ते बाबांचं शेवटचं काम आहे."

"मग शर्यत?"

"शर्यत राहू दे."

तिने माझ्यावर ताडपत्री घातली. सबंध वर्ष मी शेडमध्ये पडून राहिले. कोळ्यांनी जाळी विणली, पत्र्याच्या फटीतून वाळू आली. खरं सांगते, मला वाईट वाटलं. पण ती मला विसरली नव्हती. सुटीच्या दिवशी दारापर्यंत यायची आणि परत जायची.

मग एका सकाळी काठी टेकत बाबाच आले. होडीवर धूळ बसली असेल, आपणच पुसावी, असं त्यांना वाटलं. त्यांनी ताडपत्री काढली आणि ओल्या फडक्याने पुसू लागले. पुसता पुसता फडकं खाली पडलं आणि त्यांचा उघडा तळहात माझ्यावर टेकला. तो हळूहळू पुढे सरकला, थांबला, मागे आला. रंगारी ओल्या रंगाला हात लावत नाही. त्या सवयीमुळे आजवर त्यांनी मला कधी चाचपलंच नव्हतं.

दुपारी भिंगरी त्यांना शोधत आली, तेव्हा ते माझ्याजवळच बसले होते.

"तुला हे ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

तिने खाली पडलेलं फडकं उचललं.

"म्हणून शर्यत सोडलीस?"

"बाबा, तुमचा हात आहे त्यावर."

"हात हा आहे, माझ्या खांद्याला," ते म्हणाले. "तो रंग आहे. माझ्या रंगापायी तू काठावर बसणार असशील, तर तो रंग काय कामाचा? पॉलिश पेपर आण. भरपूर आण."

मित्रांनो, पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे. काकांनी हातभर लांब फळी केली, तिच्या दोन्ही टोकांना मुठी बसवल्या आणि तिला पॉलिश पेपर लावला. एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला लेक. लाल रंगाची भुकटी दोघांच्या भुवयांवर बसायची. उंचवटे उतरले, खड्ड्यांत पुट्टी भरली. भिंगरी तळभर पेन्सिलीने रेघोट्या मारायची आणि घासल्यावर त्या कुठे उरतात ते पाहायची. जिथे रेघ उरली तिथे खड्डा. पण तिची पेन्सिल जे सोडून द्यायची, ते बाबांचा तळहात पकडायचा.

"इथे. केसाएवढं."

"मला काहीच लागत नाही, बाबा."

"डोळे मीट, म्हणजे लागेल."

डोळे गेल्यावर आपण बिनकामाचे झालो, असं तो माणूस धरून बसला होता. आता काका शेजारच्यांना सांगत सुटले, की असा हात पंचक्रोशीत नाही. मग राखाडी रंगाचे पातळ हात दिले आणि शेवटी बारीक पेपर पाण्यात भिजवून सगळा तळ घासला. पाणी टाकलं की त्याचे थेंब होईनात, ते अंगभर एकसारखं पसरायचं.

"वरून एक चकचकीत हात देऊ का?" भिंगरीने भीत भीत विचारलं.

"तळाला नको," बाबा म्हणाले. "चकाकी पाण्याच्या वर असू दे. ती बघणाऱ्यांसाठी." आणि माझ्या बाजूंचा लाल रंग त्यांनी स्वतः पुसून लखलखीत केला.

शर्यतीच्या दिवशी लोक हसले. "ही राखेत लोळून आली वाटतं," असं एकजण म्हणाला. चौदा होड्या होत्या. आम्ही तिसऱ्या आलो. काका काठावरून बाबांना एकेक होडी मागे पडल्याचं सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांचाच घसा बसला.

भिंगरी धापा टाकत वर आली. बाबांनी नंबर विचारलाच नाही. "पाण्याचा आवाज कसा होता?" ते म्हणाले.

"पूर्वी तळाखाली सारखी बडबड असायची. आज गप्प होतं."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि बराच वेळ तिचा ओला हात धरून बसले.

त्या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. बाबा नाहीत, काकाही नाहीत. भिंगरीचे केस माझ्या तळासारखे राखाडी झालेत आणि ती इतरांना शीड चालवायला शिकवते. मी पहिली कधीच आले नाही. पण माझ्यावर इतकी माया झाली, की मला कशाची उणीव वाटत नाही.

मित्रांनो, तुम्हाला कधी माझ्यासारखी होडी मिळाली, तर तिला वाळूवरून ओढू नका, दोघांनी मिळून उचला. खाडीतून आलात की गोड्या पाण्याने धुवा. आणि पुसून झालं, की फडकं बाजूला ठेवून, डोळे मिटून, तळावरून एकदा हात फिरवा. तुमच्या हाताला काही लागलं, तर ते पाण्यात आम्हा होड्यांना रोज लागत असतं.