पाचवा का टाकत नाहीस?

अंड्यांनी भरलेली लॉरी उजाडताना नामक्कलच्या नाक्यावरून निघाली. चालवत होता चेन्नियप्पन. शेजारच्या जागेवर एरवी कुणी नसायचं, आज तिथे लॉरीचा मालक नाचिमुत्तू बसला होता. त्रिशूरच्या व्यापाऱ्याला भेटायचं आहे, असं त्यानं सांगितलं होतं. ते खोटं होतं. आपल्या गाडीचं डिझेल कुठे मुरतं, ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

उन्हाळ्यापासून गाडीचं अ‍ॅव्हरेज घसरत चाललं होतं. नोझल साफ करून झाले, एअर फिल्टर बदलला, टायरमधली हवा तपासली. शेवटी मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "अण्णा, गाडीत काही नाही. गाडीबाहेर बघा."

गाडीबाहेर म्हणजे कोण, ते सांगायला नको होतं. दैवानैनं, म्हणजे नाचिमुत्तूच्या बायकोनं, ते केव्हाच सांगून टाकलं होतं. "अहो, रस्ता तोच, अंडी तेवढीच. मग डिझेल काय कोंबड्या पितात?"

"चेन्नि तसं करणार नाही."

"करणार नाही म्हणता, आणि रात्रभर कूस बदलता."

कूस तो बदलत होता हे खरं. दोघं एकाच लॉरीवर क्लीनर म्हणून लागले होते, एका ताटात जेवले होते. नाचिमुत्तूला गिअर टाकायला शिकवलं तेही चेन्नियप्पननंच. "काट्याकडे बघू नकोस, तिचं ऐक," तो म्हणायचा. "ती ओरडायच्या आत वरचा टाक, कुरकुरायच्या आत खालचा. पोटात डिझेल कमी जातं आणि तीही खूश राहते." पुढे नाचिमुत्तूनं ही गाडी घेतली, पाठीच्या मणक्यानं दगा दिल्यावर स्टिअरिंग सोडलं आणि ते ज्याच्या हाती द्यावं असा एकच माणूस त्याला आठवला.

पण आता त्याच माणसाचं सगळं वागणं वाकडं दिसू लागलं होतं. फोन केला तर उचलायचा नाही. मागून हाक मारली तर वळायचा नाही. काही विचारलं की आधी तोंडाकडे टक लावून बघायचा, जणू किती कळलंय याचा अंदाज घेतोय, आणि मग भलतंच काहीतरी बोलून हसायचा. टपरीवर चारचौघांत बसणंही त्यानं सोडलं होतं. ज्याच्या मनात काही नाही, तो असा का वागेल?

तिरुचेंगोडचा डोंगर मागे पडला. केबिनमध्ये रेडिओ इतक्या मोठ्यानं लागला होता की समोरची काच झिणझिणत होती. नाचिमुत्तूला वाटलं, हाही डाव. मालकानं काही विचारूच नये म्हणून.

कावेरीचा पूल ओलांडून, ईरोडची गर्दी मागे टाकून गाडी हमरस्त्याला लागली. तळहातासारखा सपाट, मोकळा रस्ता. अशा रस्त्यावर पाचवा गिअर टाकून पाय हलका करायचा, हे कालचा क्लीनरही जाणतो. चेन्नियप्पन मात्र चौथ्यातच होता. रेडिओच्या गोंगाटातूनही इंजिनची बोंब नाचिमुत्तूच्या कानात घुसत होती. इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या, बंद पडलेल्या टॅकोमीटरचा काटा शून्यावर निजला होता, पण त्याची गरजच नव्हती. गाडी ओरडून सांगत होती.

नाचिमुत्तूनं थोडा वेळ वाट पाहिली. पाचवा पडेना. मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अस्सं! मी शेजारी बसलोय म्हणून हा मुद्दाम डिझेल जाळतोय. टाकी माझ्यादेखत रिकामी करायची आणि म्हणायचं, बघा मालक, गाडीच पिते, मी काय करू! केवढा हा बेरकीपणा! इतकी वर्षं आपण याला भोळा समजत होतो.

त्यानं तिरीमिरीत रेडिओ बंद केला. आता तोंडावरच विचारायचं. पण शब्द ओठांवर येऊन थांबले, कारण चेन्नियप्पनचा अंगठा स्टिअरिंगवर ताल धरून हलतच होता. मानही डोलत होती. नजर रस्त्यावर, आणि गाणं जणू चालूच.

नाचिमुत्तू खिडकीकडे तोंड करून नेहमीच्या आवाजात म्हणाला, "किती लिटर विकलंस रे चोरा?"

अंगठा हलत राहिला. जरा वेळानं, काहीतरी बोललं पाहिजे म्हणून बोलावं तसं चेन्नियप्पन म्हणाला, "चहा पुढे अविनाशीला घेऊ."

मागून एक बस हॉर्नवर हॉर्न देत होती. चेन्नियप्पन मधल्या लेनमधून हलेना. आरशात तिचं तोंड दिसलं तेव्हा तो दचकला आणि त्यानं गाडी हळूच डावीकडे घेतली, इतक्या अलगद, की मागच्या ट्रेमधलं एकही अंडं हललं नसेल. बसवाला जाता जाता हात नाचवून ओरडला, "बहिरा आहेस का रे?"

न उचललेले फोन, तोंडाकडे लागलेली टक, ते भलतंच बोलणं, सगळं एकदम उलटं होऊन नाचिमुत्तूसमोर उभं राहिलं.

अविनाशीच्या टपरीवर चहाचे पेले हाती आल्यावर तो चेन्नियप्पनच्या अगदी समोर उभा राहिला आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाला, "पाचवा का टाकत नाहीस?"

चेन्नियप्पननं पेला खाली ठेवला. "डिझेल विकतो मी."

"काय?"

"विकतो. पेरुंदुरैच्या पुढे, चिंचेखाली. तुला तेच ऐकायचं होतं ना? हे घे, ऐक. जा, नाक्यावर सगळ्यांना सांग."

"मला खोटं सांगतोस? माझ्या कानांनी ऐकलंय मी, डिझेल कुठे जातं ते."

"तुला कान आहेत रे बाबा!" चेन्नियप्पन जरा मोठ्यानंच बोलला. टपरीवाल्यानं वर पाहिलं. "चोराला चार महिन्यांनी दुसऱ्या नाक्यावर गाडी मिळते, मुत्तू. बहिऱ्याला कोण देतं? मला चोर म्हण. माझी ना नाही."

मग तो पेल्यातल्या सायीकडे बघत म्हणाला, "चौथ्यात ती माझ्या पायाला कळते. पायाखालची फळी थरथरते. पाचव्यात टाकली की सगळं निवांत होतं. इतकं, की वाटतं इंजिन बंद पडलं आणि मी अंडी घेऊन नुसता घरंगळतोय. भीती वाटते."

नाचिमुत्तूला क्षणभर वाटून गेलं, यानं डिझेल विकलं असतं तर किती बरं झालं असतं. दोन शिव्या हासडून मिटवता तरी आलं असतं.

तेवढ्यात फोन वाजला. दैवानै होती. "सापडला का चोर?"

समोर चेन्नियप्पन त्याच्या ओठांकडे बघत होता. नाचिमुत्तूनं पाठ फिरवली नाही. "चोर नाही कुणी. गाडी चौथ्यात चालत होती, म्हणून."

"आणि आता?"

"आता मी चालवतो."

चेन्नियप्पननं किल्ली पुढे केली.

स्टिअरिंगमागे बसताना नाचिमुत्तूचा मणका कळवळला. पहिला, दुसरा, तिसरा त्यानं सांभाळून टाकले. चौथ्यात गाडी ओरडायच्या बेतात आली तसा त्यानं क्लच दाबून पाचवा टाकला. इंजिन एकदम शांत झालं. शेजारी चेन्नियप्पननं दोन्ही तळवे डॅशबोर्डवर टेकवले होते आणि तो डोळे मिटून काहीतरी शोधत होता.

"उद्या सेलमला जाऊ," नाचिमुत्तू रस्त्याकडे बघत म्हणाला. "कानाच्या डॉक्टरकडे. तोवर किल्ली माझ्याकडे."

चेन्नियप्पन सवयीनं हसला, मान डोलावली. "हो, हो, ऊन फार आहे."

मग त्याचं हसू विरलं. त्यानं डॅशबोर्डवरचे हात काढले आणि सगळं अंग नाचिमुत्तूकडे वळवलं.

"काय म्हणालास?" तो म्हणाला. "मला ऐकू नाही आलं. परत सांग."

नाचिमुत्तूनं परत सांगितलं. इतक्या मोठ्यानं, की शेजारून चाललेला स्कूटरवाला चमकून वर बघू लागला.