वाटेत राहिला

कारंज्याहून किन्हीराजामार्गे मालेगावकडे जाणारी मोटार त्या वर्षी कोळशाच्या गॅसवर चालत असे. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हते. चढ लागला की उतारूंना खाली उतरून ती ढकलावी लागे. १९४२ सालच्या एप्रिलमधील एका मंगळवारी जगदेव घुगे याच मोटारीतून बावीस वर्षांनी आपल्या गावी परतला. चढावर त्याला मात्र कोणी खाली उतरू दिले नाही. त्याच्या दोन्ही पायांना घोट्यापर्यंत फडकी बांधलेली होती आणि त्यांतून पू येत होता.

किन्हीराजाच्या फाट्यावर रुख्मिणी उभी होती. तिच्या मागे तिची सासू मनकर्णाबाई एका दगडावर बसली होती. दोघींनी धुतलेली लुगडी नेसली होती. जगदेवने ते पाहिले. निरोप पोचला असता तर या दोघी अशा आल्या नसत्या.

"भाऊजी," रुख्मिणीने पदर सावरत विचारले, "थे कुठवर आले?"

तीन दिवसांपूर्वी कारंज्याच्या धर्मशाळेत तापाने पडलेला असताना जगदेवने मोटारीचा ड्रायव्हर मदनसिंग याच्याजवळ निरोप दिला होता. रंगूनला आपल्याबरोबर असलेला रुख्मिणीचा नवरा उकंडराव याच्या घरी ही बातमी आपल्या आधी पोचावी, आपल्याला त्या घरात केवळ बसून राहावे लागावे, एवढीच त्याची इच्छा होती. ते वाक्य त्याने चितगावपासून नागपूरपर्यंत मनात घोळवून तयार केले होते: "मी आलो. उकंडराव येता येता वाटेत राहिला."

त्याने मान वळवून मदनसिंगकडे पाहिले. मदनसिंग टपावरून गाठोडी उतरवीत होता.

"मदनसिंग, तू काय सांगितलंस इथं?"

"तुमी सांगतलं थेच. जगदेव आला, उकंडराव वाटेनं येऊन राह्यला."

"मी राहिला म्हटलं होतं."

"मंग मी कोनतं दुसरं म्हनलं? राह्यलाच म्हनलं ना." मदनसिंगने गाठोडे खाली टाकले. "तुमची बोली पुन्याच्या वकिलासारखी झाली, भाऊ. मी आपली गावाच्या बोलीत बसवून सांगतली. चूक झाली काय?"

वऱ्हाडात 'येऊन राह्यला' म्हणजे येतो आहे, वाटेला लागला आहे. जगदेवला हे ठाऊक नव्हते असे नाही. याच बोलीत तो वाढला होता. पण रंगूनमध्ये बावीस वर्षे त्याने पुण्या-मुंबईच्या प्रवाशांना शहर दाखवले होते आणि त्यांची भाषा त्याच्या जिभेवर बसली होती. त्या भाषेत राहिलेला माणूस येत नसतो.

रुख्मिणी उत्तराची वाट पाहत होती. दगडावरची म्हातारीही मान पुढे करून ऐकत होती. जगदेवने तोंड उघडले, आणि जे बाहेर पडले ते त्याच्या धंद्याचे बोलणे होते.

"अक्याबला आहे," तो म्हणाला. "समुद्रकाठचं बंदर आहे. तिथून आगबोट मिळते."

जगदेवला बायको-मुले नव्हती. तो चुलतभावाच्या घरी उतरला. ते घर उकंडरावच्या घराला लागून होते. रोज दुपारी, ऊन कलायच्या आधी, रुख्मिणी मधल्या ओट्यावर येऊन बसे. मनकर्णाबाई आपले काम घेऊन तिच्यामागून येई. शेवयांचे दिवस होते. म्हातारी पाटावर पिठाच्या वाती लांबवीत बसे आणि सून त्या काठीवर वाळत घाली.

"तिथं तुमचं काम काय होतं, भाऊजी?" रुख्मिणीने पहिल्याच दिवशी विचारले. "त्याइच्या पत्रात काईच नसे. खुशाल हाय, पाऊस लय हाय, बस."

या प्रश्नाचे उत्तर खरे देता येत होते, म्हणून जगदेवने ते सविस्तर दिले. कलकत्त्याची आगबोट ज्या दिवशी लागे त्या दिवशी ते दोघे पहाटेच धक्क्यावर जात. पुण्या-मुंबईचे प्रवासी उतरत, कधी अमरावतीचे वकील, खामगावचे कापूसवाले, नागपूरचे मास्तर. त्यांना आधी तळी दाखवायची, मग शहराच्या मधोमध असलेला पागोडा, मग दिल्लीच्या शेवटच्या बादशहाची कबर, आणि सर्वांत शेवटी श्वेडगोन पागोडा. तो टेकडीवर आहे, साऱ्या अंगाने सोन्याने मढवलेला आहे. उन्हे उतरताना तिथे पोचायचे, कारण त्या वेळी सोन्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. जगदेव छत्री उंच धरून पुढे चाले. उकंडराव शेवटी असे.

"शेवटी काहून?"

"पायथ्याशी साऱ्यांना जोडे काढावे लागत. ते एका चादरीत बांधून तो मागून आणत असे. कोणाचा कोणता जोडा हे तो कधी चुकला नाही."

"बरं झालं," मनकर्णाबाई पाटावरून म्हणाली. "गावात हा दुसऱ्याच्या लग्नात जोडे चोरे. सरकारनं त्याले त्याच कामावर ठेवलं."

रुख्मिणी हसली. जगदेवलाही हसावे लागले. हसत असतानाच त्याला वाटले की आपण आता सांगितले पाहिजे. पण म्हातारीच्या हातातली वात अर्धी लांबलेली होती. ती तुटेल, या क्षुद्र कारणासाठी तो थांबला.

दुसऱ्या दिवशी जगदेवच्या सांगण्यात उकंडराव अक्याबच्या छावणीतच होता. तिसऱ्या दिवशी तो आगबोटीवर चढला. चितगावात जगदेवने त्याला पाच दिवस अडकवून ठेवले: तिथे पटकीची तपासणी असते, हातावर शिक्का मारल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. पाच दिवस तो चितगावच्या टेकड्या, खाडी आणि सुपारीच्या बागा दाखवीत राहिला. सहाव्या दिवशी रुख्मिणीने विचारले, "अजून शिक्का नाही झाला?" आणि त्याला गाडी सोडावी लागली.

मुक्काम मोजकेच होते. कलकत्ता, नागपूर, मूर्तिजापूर, कारंजा. त्यापुढे मोटार आणि किन्हीराजाचा फाटा. रोज सकाळी उठल्यावर तो हा हिशेब करी, आणि रोज एक दिवस कमी झालेला असे. झोप येत नव्हती. पायांवरची सूज उतरली होती, पण ताटातली भाकर अर्धी तशीच राही. भावजय म्हणे, रंगूनच्या भाताची सवय, भाकर कशी गोड लागणार. कलकत्त्यात त्याने उकंडरावला आठ दिवस ठेवले. त्याहून जास्त ठेवण्याजोगे कारण सापडेना.

आठव्या दिवशी तो हावड्याच्या पुलाबद्दल सांगत होता. नवा पूल अजून पुरा झालेला नाही. त्याला नदीत एकही खांब नाही, सारा भार दोन काठांवर. दोन्हीकडून लोखंड पुढे पुढे नेत मध्ये जोडले आहे.

मनकर्णाबाई त्या दिवशी आत पीठ तिंबत होती. रुख्मिणी काठीवर शेवया टाकत होती. तिने काठी खाली ठेवली.

"भाऊजी, एक इचारू?"

"विचारा."

"त्याइचे पाय कसे हायेत?"

जगदेवने पाय मागे ओढून घेतले.

"तुमचे पाय पाह्यले म्या. मंग त्याइचे बी तसेच असन. ताप हाय काय? जेवते काय? माईची आठवन काढली काय? सोळा दिवस झाले. तुमी मले बंदर दाखवलं, खाडी दाखवली, आता पूल दाखवून राह्यले. तुमच्या सांगन्यात सारं हाय, मानूस कुठंच नाही."

"रुख्मिणीबाई—"

"तुमी सांगून नाही राह्यले. दाखवून राह्यले. मी का अमरावतीची वकिलीन हाय?"

जगदेवने हात गुडघ्यांवर ठेवले. मग त्याने सांगितले, क्रमाने, एकही टप्पा न गाळता. त्याला दुसरी रीत येत नव्हती.

डिसेंबरात रंगूनवर बॉम्ब पडले. फेब्रुवारीत ते दोघे इरावतीकाठच्या प्रोम गावापर्यंत आले. जगदेव वाटाड्या आहे हे कळल्यावर लोक आपोआप त्याच्यामागे जमले; इरावती ओलांडली तेव्हा ते एक्केचाळीस जण होते. पुढे समुद्राकडे जाणारी डोंगरातली वाट, शंभर मैलांहून जास्त, पाणी दहा-बारा मैलांवर एकदा. कामाची पद्धत त्यांनी तीच ठेवली. जगदेव पुढे, उकंडराव शेवटी. वाट इतकी अरुंद आणि वळणाची होती की पुढच्याला मागचा दिसत नसे. म्हणून प्रत्येक वळणावर जगदेव ओरडे, "पुढं वाट हाय." शेवटून उकंडराव उत्तर देई, "मांगं सारे हायेत." ते ऐकले की जगदेव पाऊल उचली. मागे वळून पाहण्याची त्याला कधी गरज पडली नव्हती. पागोड्यातही नाही आणि डोंगरातही नाही.

"सहाव्या दिवशी त्याले सकाळपासून ढाळ होते," जगदेव म्हणाला. त्याची पुण्याची भाषा कधी गळून पडली ते त्याला कळले नाही. "मले म्हने, काई नाही, तू चाल. दुपारी एका वळनावर मी आवाज देला. उत्तर उशिरा आलं. पुढच्या वळनावर पुन्हा देला. उत्तर आलं, पन थो उकंड्याचा आवाज नव्हता."

"कोनाचा होता?"

"मधल्या कोनाचा तरी. लोकाइले वाटलं, उत्तर नाही गेलं तर मी थांबन, अन् थांबलो तर पानी हाती लागनार नाही. म्हनून कोनीतरी ओरडलं, मांगं सारे हायेत."

"अन् तुमाले समजलं."

"समजलं."

रुख्मिणीने डोळे त्याच्यावरून काढले नाहीत.

"पानी दोन कोस होतं. लेकरं होती संगं. मनात म्हनलं, पान्यावर पोचू, मंग कोनाले मांगं धाडू. पोचलो. कोनी जायाले तयार नव्हतं. मी बी नव्हतो तयार. सकाळी पुढं निंघालो."

आत परातीत पीठ आपटल्याचा आवाज येत होता. रुख्मिणी त्या आवाजाकडे कान लावून बसली. नंतर तिने जे विचारले त्याची जगदेवने तयारी केलेली नव्हती.

"थे जिथं बसले, थे जागा कशी हाय?"

"काय?"

"झाड होतं काय? सावली कोन्या बाजूनं होती? टेकाले काई होतं का उघड्यावर?"

श्वेडगोनची उंची तीनशे सव्वीस फूट, हे त्याला झोपेत विचारले तरी सांगता आले असते. बादशहाच्या कबरीजवळ कोणते झाड आहे आणि हावड्याच्या पुलाला खांब का नाहीत, हेही.

"मी पाह्यलं नाही," तो म्हणाला.

"आजूबाजूचं तरी?"

"काईच नाही पाह्यलं, बाई. मी पुढं होतो."

तिने मान हलवली. रडली नाही. काठीवरच्या शेवया एकमेकींना चिकटत होत्या. तिने त्या बोटांनी अलग केल्या, एकेक करून, सगळ्या. कपाळाकडे एकदा हात नेला आणि कुंकवाला न लावताच खाली घेतला.

"मेले म्हनू, तर तुमी पाह्यलं नाही. हायेत म्हनू, तर कोनाच्या भरवशावर म्हनू?" ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "मी आता कुंकू लावू का पुसू, भाऊजी? थे बी तुमाले सांगता येत नाही."

तिने काठी उन्हाकडे सरकवली.

"आत्याबाईले तुमीच सांगा. माह्या तोंडातून निंघनार नाही. रोज थ्या मोटारीच्या टायमाले भाकरी जास्तीची टाकते." ती उठली. "अन् राह्यला म्हनू नका. त्या एका शब्दावर आमी सोळा दिवस काढले."

जगदेव भिंतीला धरून उठला. दारातून आत गेला. उन्हातून आल्यामुळे त्याला क्षणभर काही दिसले नाही. मनकर्णाबाई परातीपुढे बसली होती, कोपरापर्यंत पिठाने माखलेली.

"ये बापा. बस. पाय बरे हायेत का?" तिने विचारले. "कलकत्ता सुटलं का नाही?"

"मावशी, उकंडराव येत नाही."

"आज नाही ना?" म्हातारीने पिठाचा गोळा उलटवला. "नसन येत. इतक्या दुरून येनं म्हनजे का मंगरूळपीरहून येनं हाय? उद्या येईन. परवा येईन."

त्याने पुन्हा प्रयत्न केला. "वाटेत त्याले पटकी झाली, मावशी."

"झाली असन. लहानपनी बी झालती. तीन दिवस डोये पांढरे केलते यानं, वैद्यानं हात टेकले. मंग उठला अन् भाकर मागतली." ती थोडी हसली. "थो माह्या पोटचा हाय. चिवट हाय. मांगं पडन, पन येईन."

जगदेव तिच्यासमोर जमिनीवर बसला. बाहेर ओट्यावर रुख्मिणी असल्याची चाहूल होती, पण ती आत आली नाही. उकंडरावबद्दलचे कोणतेही वाक्य या बाईपुढे टिकणार नाही, हे त्याच्या ध्यानात आले. उकंडराव आजारी पडला, मागे पडला, बसला, थांबला. या प्रत्येक वाक्यातून तिचा मुलगा पुन्हा उठून चालू लागणार होता. तेव्हा त्या वाक्यात उकंडराव नको होता.

त्याने पुढे होऊन तिची पिठाची दोन्ही मनगटे धरली. तिने चकित होऊन वर पाहिले.

"मावशी," तो म्हणाला, "मी त्याले सोडलं. तिकडं डोंगरात, जिता असताना. मले मालूम होतं थो मांगं बसेल हाय, अन् मी सोडून आलो."

म्हातारीने हात सोडवून घेण्याची धडपड केली नाही. ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली आणि तिच्या हातांतला जोर हळूहळू निघून गेला, इतका की शेवटी ते हात परातीत पडू नयेत म्हणून जगदेवलाच ते उचलून धरावे लागले.