बोहनीचा मेंबर

मित्रांनो, मी वजन उचलायचा एक जुना लोखंडी रॉड आहे. माझ्या दोन्ही टोकांना गोल प्लेटा अडकवतात, मग माणूस बाकावर उताणा पडून मला छातीपर्यंत घेतो आणि पुन्हा वर ढकलतो. प्लेटांवर आकडे असतात म्हणून त्यांचा मान मोठा. माझ्यावर काहीच लिहिलेलं नाही, तरी सगळा भार मीच पेलतो. हे मी रागाने सांगत नाही. बरं, थोड्या रागाने सांगतो.

माझा जन्म दूर पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला तापवलं, ओढून सरळ केलं, हाताला पकड यावी म्हणून माझ्या अंगावर खरबरीत नक्षी काढली आणि वरून असा चकचकीत मुलामा दिला की मलाच माझा गर्व वाटू लागला. आगगाडीने परळीला आणि तिथून टेम्पोने मी अंबाजोगाईला आलो. ती वर्षं नव्या वाऱ्याची होती. गल्लोगल्ली केबलच्या तारा लोंबत होत्या, पडद्यावरचे नट ऊठसूट शर्ट काढत होते आणि इकडे मोंढ्याच्या बाजारातली पोरं श्वास रोखून पोट आत ओढत होती. धर्मराज नावाच्या हौशी तरुणाने हे बरोबर हेरलं. त्याने चुलत्याचं ज्वारीचं गोदाम रिकामं केलं, खाली कार्पेट अंथरलं, भिंतीला छतापर्यंत आरसे लावले, दोन दांडगे स्पीकर टांगले आणि हेल्थ क्लब उघडला. नवी नवरी आल्यासारखी पोरं मला बघायला यायची. मला ते आवडायचं.

त्याच दिवसांत मन्मथअप्पा आले. अप्पांचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं. मूळचे ते घाटनांदूरचे. त्यांचे वडील ऐन चाळिशीत दुकानाच्या गादीवरच छातीत कळ येऊन गेले, थोरला भाऊही तसाच गेला, आणि आता अप्पा त्याच वयाला येऊन ठेपले होते. जिना चढताना त्यांची छाती आवळून यायची. डॉक्टरांनी बजावलं होतं : वजन उतरवा, पण हळूहळू, चाला, आणि व्यायाम करायचा तर जाणत्या माणसाच्या नजरेखाली करा. जिभेखाली धरायची एक गोळीही त्यांनी कायम जवळ ठेवायला दिली होती. अप्पांची बायको गंगासागर हिने घरून निघतानाच सांगितलं होतं, गावातल्या सगळ्या जागा आधी बघून घ्या, मग ठरवू. हे सारं मला पुढे त्यांच्याच तोंडून कळलं.

अप्पा आले तेव्हा धर्मराज नुकताच उदबत्ती ओवाळत होता.

"या अप्पा, या! आज तुमच्याच हातची बोहनी."

"मी नुसतं बघायला आलतो. अजून दोन ठिकाणी जायचंय."

"बघा की निवांत. पण बोहनीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं तर दिवस कसा जातो, ते तुमाला कावून सांगावं लागतंय?"

झालं! अप्पा तिथेच अडकले. दिवसाचा पहिला सौदा मोडला की दिवस मोडला, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. स्वतःच्या दुकानात ते पहिल्या गिऱ्हाइकाला तोटा सोसून पळी तरी देत, पण परत पाठवत नसत. मग दुसऱ्याची बोहनी ते कसे मोडणार? बाकीच्या जागा बघायच्या राहिल्या आणि अप्पा वर्षाचे मेंबर होऊन घरी गेले. धर्मराजने त्यांना क्लबच्या बनियनचं माप विचारलं. छातीत दुखतं का, हे काही विचारलं नाही. आणि अप्पांनीही ते सांगितलं नाही, कारण चार पोरांदेखत सांगायला त्यांना लाज वाटली.

घरी गंगासागर कडाडली, "बोहनीपायी माणूस भगुनं घेतंय अहो, जीव गहाण टाकत न्हाई!"

पण अप्पांनी शब्द दिला होता. ते रोज येऊ लागले. धर्मराज वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. त्याला फक्त सगळे खूश हवे होते, आणि वर्षाचा मेंबर तर फारच खूश हवा होता. एका सकाळी त्याने अप्पांना माझ्याखाली झोपवलं आणि माझ्या दोन्ही टोकांना एकेक प्लेट चढवत गेला. प्लेटा घसरू नयेत म्हणून चाप असतात, तेही त्याने लावले नाहीत. चापांनी माझ्या मुलाम्यावर ओरखडे येतात, असं त्याचं म्हणणं.

"एवढं लई होतंय, धर्मराज," अप्पा म्हणाले.

"वर्षाचे मेंबर तुमी! पोरं बघायलीत. घ्या."

अप्पांनी मला धरलं. मी माणसं तळव्यावरून ओळखतो. हा तळवा गार होता आणि घामाने निथळत होता, आणि मला एकदम भीती वाटली. अप्पांनी मला खाली घेतलं, वर ढकललं. पुन्हा खाली, पुन्हा वर. मग ते म्हणाले, "बास." पण स्पीकरवर गाणं असं दणाणत होतं की तो शब्द माझ्यापर्यंतच पोचला.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली. "बोहनीचं गिऱ्हाईक आलं वाटतं! आलोच अप्पा, तवर अजून एक मारा," असं म्हणून उशाशी उभ्या धर्मराजने माझ्याखाली आधाराला धरलेले हात काढले आणि तो काउंटरकडे, पडद्यापलीकडे गेला.

अप्पांच्या हातातलं बळ सरलं. मी खाली येऊ लागलो. मित्रांनो, मी लोखंड आहे. मला आपणहून वर जाता येत नाही, मला फक्त खाली जाता येतं. मी त्यांच्या छातीवर टेकलो आणि खालचं काळीज माझ्या अंगात धडधडू लागलं. त्याचा ठोका चुकत होता. त्यांच्या तोंडातून आता शब्द फुटत नव्हता. कोपऱ्यातली पोरं आरशात स्वतःचे दंड बघण्यात गुंग होती. मी काय करणार? ओरडायला मला तोंड नव्हतं.

पडद्यापलीकडून गाण्यावर चढवलेले आवाज ऐकू येत होते. "या ताई! बायकांसाठी दुपारची वेगळी बॅच काढतोय बघा."

"आमचे हे कुठंयत?" ती गंगासागर होती. "गोळी घरीच इसरून आलेत ते."

"आत हायत की, झकास चाललंय त्यांचं. तुमी आधी मशिनी तर बघा—"

"मला न्हाई बघायच्या मशिनी. त्यांना बोलवा."

"बोलवतो ओ ताई, बसा तरी."

ती बसली असती तर? पण तेवढ्यात गाणं संपलं. दुसरं सुरू होईपर्यंत जी शांतता असते, तिच्यात अप्पांच्या घशातली घरघर तिने ऐकली. पडदा बाजूला सारून ती धावली. मागून धर्मराज ओरडला, "चपला, ताई, कार्पेट हाय!"

तिने माझं उजवं टोक पकडलं आणि दुकानातलं तांब्याचं घंगाळ उचलावं तसा जोर लावला. चाप नव्हतेच. डाव्या टोकाच्या प्लेटा सरकल्या आणि धडाधड खाली पडल्या. त्यातली एक घरंगळत गेली आणि सगळा आरसा खळ्ळकन फुटला. मी उजवीकडे कोसळलो. गंगासागरचा पाय थोडक्यात वाचला.

अप्पांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिने त्यांचं तोंड उघडून गोळी जिभेखाली ठेवली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. "डोळे उघडा. माझ्याकडं बघा," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. खूप वेळाने त्यांच्या ओठांना रंग आला.

अप्पांनी डोळे उघडले, सगळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "धर्मराज, तुझा आरसा गेला रे."

तेव्हा मात्र गंगासागरला रडू फुटलं. रडता रडता ती हसलीही.

"ताई, अप्पांनी सांगितलंच न्हाई ओ," धर्मराज कसाबसा बोलला.

"तुमी इचारलंत?"

धर्मराज खाली बसून काचा गोळा करू लागला.

त्या पडण्यात मी किंचित वाकलो. वाकलेला रॉड कोण हातात घेतो? माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे ओल होती. मुलामा उडाला, गंज चढला, आणि ज्या पोरांनी मला डोक्यावर घेतलं होतं ती माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालू लागली. पुढे क्लब बंद पडला आणि मी भंगारात निघालो. तिथून मला विठ्ठलराव गुरुजींनी आणलं.

विठ्ठलराव गुरुजी म्हणजे शाळेतले कवायतीचे निवृत्त शिक्षक. मैदानाकडेला पत्र्याच्या शेडमध्ये ते व्यायाम घेत. त्यांनी मला ठोकून सरळ केलं, घासलं, तेल पाजलं. आणि पहिल्याच सकाळी मला तिथे ओळखीचा माणूस दिसला. मन्मथअप्पा! निम्मे झालेले, पण टुणटुणीत.

कसे आले, तेही कळलं. अप्पा बरे झाल्यावर गंगासागर त्यांना घेऊन पुन्हा एकेक जागा बघायला निघाली होती. दारात उभी राहून ती एकच गोष्ट विचारायची : "ह्यांच्या छातीवर ओझं असल, तवा तुमी कुठं असणार?" कुणी हसलं. कुणी सांगितलं, काउंटरवर. गुरुजी म्हणाले, "उशापाशी. पण ओझं आज न्हाई. आधी डॉक्टरांना इचारून या, मग नुसत्या मैदानाला फेऱ्या."

"गुरुजी, सकाळची येळ हाय, तुमची बोहनी..." अप्पा चाचरले.

"हे काय दुकान हाय का, अप्पा?"

मग मी येईपर्यंत कितीतरी महिने अप्पा फक्त चालले. गंगासागरही पदर खोचून त्यांच्याबरोबर चालायची. शेवटी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि एका सकाळी गुरुजींनी त्यांना माझ्याखाली झोपवलं. माझ्यावर एकही प्लेट नव्हती, तरी मी धास्तावलो होतो. गंगासागर शेजारी उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. अप्पांनी मला खाली घेतलं, वर नेलं. पुन्हा एकदा. आजूबाजूची माणसं थांबून बघू लागली.

"अजून एक?" गुरुजींनी विचारलं.

अप्पांनी माणसांकडे पाहिलं. जन्मभर कुणाला नाही म्हणणं न जमलेला तो माणूस क्षणभर घुटमळला. माझा जीव टांगणीला लागला.

"न्हाई, गुरुजी," अप्पा म्हणाले. "बास."

त्याच क्षणी माझ्याखाली गुरुजींचे दोन हात आले आणि त्यांनी मला वर उचलून घेतलं. कुणी हसलं नाही. अप्पा उठून बसले. वडिलांना आणि भावाला न लाभलेलं वय त्यांनी केव्हाच ओलांडलं होतं. गंगासागरने तोंड फिरवून डोळे पुसले.

म्हणून सांगतो, मित्रांनो, व्यायामाची जागा निवडायला जाल तेव्हा आरसे बघू नका, माझी चकाकीही बघू नका. कुणाच्या भिडेला पडू नका. आपल्या तब्येतीचं आधी मोकळेपणाने सांगा, आणि हळूच ‘बास’ म्हणून बघा. ते जिथे ऐकू जातं, तिथे खुशाल या. आणि मला अधूनमधून तेल लावा, चाप विसरू नका. माझी काळजी माझ्यासाठी नका घेऊ. माझ्याखाली कुणाचं तरी माणूस असतं.