गार घाम

तीस वर्षं गिटार वाजवूनही स्टेजवर जायच्या आधी बाबांच्या हातांना घाम सुटायचाच. बोटं तारांना चिकटू नयेत म्हणून लेक पडद्यामागे पावडर आणि सुती फडकं घेऊन उभी राहायची.

त्या दुपारी तिनं त्यांचा तळवा पुसला आणि ती थबकली. एरवी तो गरम असायचा. आज घाम गार होता. कपाळही ओलं होतं.

"बाबा, बरं वाटतंय ना?"

"छातीत जरा धडधडतंय, नव्या नवरीसारखं. टाक पावडर, नाहीतर गिटार निसटून पहिल्या रांगेतल्या काकूंच्या मांडीवर जायची!"

तिला हसू आलं. पडदा उघडायला दोनच मिनिटं होती. तिनं पावडर चोळली आणि "जा, गाजवा," म्हणत त्यांना पुढे ढकललं.

दुसऱ्या गाण्यात बाबा कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

महिनाभर आई येईल त्याला सांगत राहिली, "कुणाला काही कळलंच नाही हो." लेक दर वेळी चहाच्या निमित्तानं उठून जायची. आज शेजारीण गेल्यावर ती आईजवळ बसली.

"मला कळलं होतं, आई. त्यांचा हात गार लागला होता. तरी मीच त्यांना पाठवलं."