ताईचा रिपोर्ट आणि जुना पत्ता

गेल्या शुक्रवारी डॉक्टरीणबाईंच्या कॉम्प्युटरवर जी ओळ होती, तीच आजही होती: गाठ शंकास्पद, पुढची तपासणी चालू. गाठ माझ्या ताईची. ती खुर्चीत पर्स घट्ट धरून बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी तपासणीच्या लॅबला फोन लावला. "रिपोर्ट सोमवारीच पाठवलाय. पण फोनवर निकाल सांगत नाही आम्ही," तिकडून उत्तर आलं. मग त्यांनी मला बोलावलं, कारण या दवाखान्यातले कॉम्प्युटर मी सांभाळतो. चार दिवसांत मी तो रिपोर्ट केव्हाही उघडू शकलो असतो. पण पेशंटचा कागद आधी डॉक्टरने बघायचा, हे मीच सगळ्यांना दरडावून सांगत असतो. बहीण झाली म्हणून काय झालं! म्हणून तो उघडला नव्हता.

लिनक्सच्या, हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत मी रिपोर्टच्या सर्व्हरला नावाने हाक मारली. उत्तर आलं ते जुन्या पत्त्यावरून. माझं डोकंच फिरलं. रविवारीच आम्ही सगळे रिपोर्ट नव्या सर्व्हरवर हलवले होते. नाव तेच, पत्ता नवा, आणि तो बदल पत्ते सांगणाऱ्या मुख्य यंत्रावर केला की सगळ्या खोल्यांना आपोआप कळतो. जुना सर्व्हर हिशेबवाल्यांच्या हट्टापायी अजून चालूच होता, म्हणून इथे त्याच्यावरची जुनीच ओळ दिसत होती.

मग या खोलीला कोण चुकीची वाट दाखवतंय? होस्ट्स नावाची फाईल उघडली आणि कपाळावर हात मारला. माझ्याआधी इथे एक गृहस्थ होते, त्यांना आम्ही संशयराव म्हणायचो. मुख्य यंत्रावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून प्रत्येक कॉम्प्युटरच्या या फाईलमध्ये ते पत्ते हाताने लिहून ठेवत. कॉम्प्युटर आधी स्वतःची फाईल बघतो. तिथे पत्ता मिळाला की दुसऱ्याला विचारतोच कशाला? बाकीच्या खोल्यांतल्या ओळी मी कधीच पुसल्या होत्या. ही खोली शुक्रवारपुरतीच उघडते, म्हणून तेवढी राहून गेली.

"सापडलं का रे?" ताईने विचारलं.

"थांब जरा."

पासवर्ड दोनदा चुकला. ती ओळ पुसली, पुन्हा हाक मारली. नवा पत्ता. मी खुर्ची मोकळी करून दिली आणि उगाचच खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. मला भीती वाटत होती, सरळ सांगतो.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा वरून वाचला.

"साधी गाठ आहे. कॅन्सर नाही. काढायचीसुद्धा गरज नाही, सहा महिन्यांनी दाखवून जा."

ताई आधी हसली. मग माझ्या दंडावर जोरात चापट मारली. "मेल्या, सोमवारपासून तयार होता ना हा? घास उतरत नव्हता माझ्या घशाखाली!" आणि तिथेच ओक्साबोक्शी रडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मला इतकं हलकं वाटत होतं की संशयराव समोर असते तर त्यांनाही मिठी मारली असती.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आईला काय सांगायचं?"

तिने डोळे पुसले. "तिला काही माहीतच नव्हतं. आणि आता सांगण्यासारखं काही राहिलेलंही नाही."